चौथी गोळी

राजकीय हत्येच्या गोष्टीत एक गोळी कायम जास्तीची निघते.

30 जानेवारी 1948 रोजी नथुराम गोडसेने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या, असं खटल्यात सिद्ध झालं. जवळपास सत्तर वर्षांनी, 2017 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात एक याचिका आली. तिचं म्हणणं असं, की गोळ्या चार होत्या आणि चौथी झाडणारा कुणी वेगळाच होता. त्या वेळच्या काही बातम्यांमध्ये चार गोळ्यांचा उल्लेख आहे, हा त्या म्हणण्याचा एक आधार. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा त्रयस्थ वकील, नेमलं. त्यांनी जुने कागद तपासले आणि दुसऱ्या मारेकऱ्याला आधार सापडत नाही असा अहवाल दिला. मार्च 2018 मध्ये याचिका फेटाळली गेली.

दुसरी चौथी गोळी डॅलसमधली. 22 नोव्हेंबर 1963 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी वॉरन आयोगाने निष्कर्ष दिला, की तीन गोळ्या, एकच बंदूक, एकच माणूस, ली हार्वे ओस्वाल्ड. पण 1979 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्याच विशेष समितीने सांगितलं, की चार गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातली जास्तीची एक समोरच्या गवताळ टेकाडावरून आली, आणि म्हणून केनेडींची हत्या 'बहुधा' कटातून झाली.

एक चौथी गोळी अधिकृत नोंदींनी नाकारलेली, दुसरी अधिकृत समितीनेच मान्य केलेली. त्यामुळे 'सरकार म्हणतंय म्हणून खरं' हे सूत्र इथे चालत नाही आणि 'सरकार म्हणतंय म्हणून खोटं' हेही चालत नाही. मग तोलायचं कशाने?

त्याआधी एक गोष्ट साफ करून घेऊ. कट असतात. कायद्याच्या भाषेत दोन किंवा अधिक माणसांनी मिळून गुन्हा करायचं ठरवलं की झाला कट. त्याला काळे कोट आणि भूमिगत खोल्या लागत नाहीत. त्यामुळे 'कटाचा सिद्धांत' हे शब्द कुणी शिवीसारखे वापरले की मला ते खटकतं. गांधीहत्या हा कटच होता. लाल किल्ल्यातल्या खटल्यात आठ जण आरोपीच्या पिंजऱ्यात होते आणि दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला होता. आठांपैकी सावरकरांना न्यायालयाने निर्दोष सोडलं आणि अपिलात आणखी दोघे सुटले. लिंकनचा खूनही कटच. 14 एप्रिल 1865 च्या रात्री नट जॉन विल्क्स बूथने नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली, त्याच सुमारास त्याच्या साथीदाराने परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांना घरात घुसून भोसकलं, आणि उपराष्ट्राध्यक्षांना मारायची कामगिरी ज्याच्यावर होती त्या अॅट्झेरॉटचं धैर्य गळालं. तो दारू पिऊन भटकत राहिला. तरी फाशी चुकली नाही.

साराएवोचं तर विचारूच नका. 28 जून 1914 रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड याच्या वाटेवर सहा मारेकरी उभे होते. एकाने काहीच केलं नाही. दुसऱ्याचा बॉम्ब मागच्या गाडीखाली फुटला. त्याने विष खाल्लं, ते लागू पडलं नाही. नदीत उडी मारली, तर नदीला पाणी जेमतेम होतं. नंतर आर्चड्यूकच्या गाडीने चुकीचं वळण घेतलं आणि ती नेमकी गाव्रिलो प्रिन्सिपसमोर थांबली. यामागे सर्बियाच्या लष्करी गुप्तचर विभागाचा प्रमुख 'आपिस' होता, हे पुढे बऱ्यापैकी स्पष्ट झालं. त्याच्या वर सर्बियन सरकारातल्या कुणाला किती माहीत होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. कट सिद्ध आहे, पण वरच्या पायरीवर जाताना पुरावा पातळ होत जातो. दोन्ही वाक्यं एका वेळी खरी असू शकतात.

खरे कट असे गबाळे, गळके आणि नशिबावर विसंबलेले दिसतात. पण इथे एक खाच आहे. आपल्याला माहीत असलेले कट हे पकडले गेलेले कट आहेत. सफाईने पार पडलेले असतील तर ते या यादीत येणारच कसे? म्हणून 'खरे कट गबाळेच असतात' ही नोंद म्हणून ठीक आहे, नियम म्हणून नाही.

आता तराजूकडे. जुन्या तराजूची पारडी रिकामी असतानाच कधी कधी एक बाजू किंचित खाली झुकलेली असायची. मग हलक्या बाजूला खडा किंवा लोखंडाचा तुकडा अडकवून तराजू सारखा करत. त्याला पासंग म्हणतात. माल घालण्याआधी पासंग बघायचा, ही गिऱ्हाईकाची जुनी सवय. हत्येच्या पुराव्याला हात घालताना आपण ती विसरतो. नकोसा पुरावा समोर आला की आपण विचारतो, 'यावर विश्वास ठेवायलाच हवा का?' हवासा आला की विचारतो, 'यावर विश्वास ठेवायला हरकत काय?' प्रश्न दोन्ही रास्त वाटतात, पण त्यांची मापं वेगळी आहेत. पहिल्या प्रश्नातून जगातला कुठलाही पुरावा पार होणार नाही आणि दुसऱ्यातून जवळजवळ सगळेच होतील.

डॅलसच्या चौथ्या गोळीची गोष्ट मला यासाठीच फार आवडते.

डॅलस पोलिसांच्या बिनतारी संदेशांची नोंद प्लास्टिकच्या पट्ट्यावर होत असे. हत्येच्या सुमारास एका पोलिसी मोटारसायकलवरच्या माइकचं बटण दाबलेल्या स्थितीत अडकलं आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ तो माइक उघडा राहिला. ती मोटारसायकल ताफ्यातली असेल तर गोळ्यांचे आवाज त्या पट्ट्यावर असायला हवेत. नुसत्या कानाला तिथे गोळी ऐकू येत नाही. इंजिनाची घरघर आणि खरखर येते. 1978 मध्ये समितीच्या तज्ज्ञांनी त्याच चौकात खऱ्या गोळ्या झाडून प्रतिध्वनी मोजले आणि पट्ट्यावरच्या टोकदार आवाजांशी जुळवून पाहिले. पहिल्या गटाने टेकाडावरच्या गोळीची शक्यता साधारण निम्मी सांगितली. मग आणखी दोन तज्ज्ञांनी बारीक गणित करून ती 95 टक्क्यांवर नेली. समितीचं काम संपत आलं होतं, कल एकट्या मारेकऱ्याकडे होता. या आकड्याने निष्कर्ष फिरला.

पुढे एका मासिकाने त्या ध्वनिमुद्रणाची प्लास्टिकची तबकडी अंकासोबत वाटली. ओहायोतल्या एका ड्रम वाजवणाऱ्या तरुणाने ती पुन्हा पुन्हा ऐकली. तज्ज्ञांनी जिथे गोळ्या असल्याचं सांगितलं होतं नेमक्या त्याच जागी त्याला एक पुसट वाक्य ऐकू आलं. डॅलस परगण्याचा शेरीफ आपल्या माणसांना सगळं बंदोबस्तात ठेवायला सांगत होता. हेच वाक्य पोलिसांच्या दुसऱ्या वाहिनीवर स्वच्छ नोंदलेलं आहे, आणि शेरीफ ते बोलला गोळीबारानंतर, सुमारे एका मिनिटाने. नॉर्मन रॅम्झी या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने बारा जणांची समिती नेमली. तिने 1982 मध्ये सांगितलं, की ते आवाज गोळ्यांचे असूच शकत नाहीत. ते उमटले तोवर केनेडींची गाडी इस्पितळाच्या वाटेला लागली होती.

मग 95 टक्क्यांचं काय झालं? गणितात फार मोठी चूक नव्हती. गणित ज्या प्रश्नाचं उत्तर देत होतं तो प्रश्न असा होता, की माइक अमुक जागी आहे आणि हा आवाज अमुक क्षणाचा आहे हे धरून चाललो, तर ही जुळणी निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती? त्या 'धरून चाललो'लाच सुरुंग लागला. टक्केवारीपुढे हात जोडण्याआधी ती कशाच्या टेकूवर उभी आहे ते पाहावं. 2001 मध्ये एका संशोधकाने या आवाजांची बाजू पुन्हा मांडली, 2005 मध्ये अकादमीच्या गटातल्या काहींनी तिला उत्तर दिलं. आज बहुतेक अभ्यासक हा पुरावा बाजूला ठेवतात. तरीही 'अमेरिकी काँग्रेसच्या समितीनेच 1979 मध्ये कट मान्य केला' हे वाक्य आजही ठिकठिकाणी भेटतं. त्यात खोटं काही नाही. फक्त 1982 त्यातून गळलेलं आहे.

ही गोष्ट वाचून एकटा-मारेकरी पक्षाच्या वाचकाला बरं वाटलं असेल, तर त्याने थोडं थांबावं. पुढची गोष्ट त्याच्यासाठी आहे.

प्रतिनिधीगृहाच्या त्याच समितीपुढे दुसराही एक वैज्ञानिक पुरावा आला होता, उलट बाजूचा. व्हिन्सेंट गिन या रसायनशास्त्रज्ञाने गोळ्यांच्या शिशाचे तुकडे अणुभट्टीत घालून त्यांतल्या अँटिमनी वगैरे धातूंचं प्रमाण मोजलं. सगळे तुकडे फक्त दोन गोळ्यांचे, आणि दोन्ही ओस्वाल्डच्या बंदुकीत चालणाऱ्या जातीच्या, असा त्याचा निष्कर्ष. एकच गोळी केनेडींच्या मानेतून जाऊन पुढच्या आसनावरचे राज्यपाल कॉनली यांना लागली, या वादग्रस्त म्हणण्याला त्यातून मोठं बळ मिळालं. त्या जातीच्या प्रत्येक गोळीच्या शिशाची घडण वेगळी असते, हे यामागचं गृहीतक. पुढे ही पद्धत एफबीआयने शेकडो साध्या खटल्यांत वापरली. 2004 मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने दाखवून दिलं, की शिशाच्या जुळणीतून जितकं ठामपणे बोललं जातं तितकं विज्ञान बोलू देत नाही, आणि 2005 मध्ये एफबीआयने ही तपासणीच बंद केली. 2007 मध्ये संख्याशास्त्र आणि धातुशास्त्रातल्या एका गटाने ओस्वाल्डच्या जातीच्या गोळ्या घेऊन गिनचं गृहीतक तपासलं. जुळणाऱ्या गोळ्या त्याला वाटल्या तितक्या दुर्मीळ नव्हत्या. 'दोनच गोळ्या' हे म्हणणं सुटं पडलं.

इथे प्रामाणिक वाचकाची परीक्षा होते. आवाजाचा पुरावा पडल्यावर ज्याने 'बघा, विज्ञानाने सत्य सांगितलं' म्हटलं, त्याने शिशाचा पुरावा पडल्यावर 'तपशिलाचा मुद्दा आहे' असं म्हणू नये. उलट बाजूच्यानेही तसंच. दोन्हींना एकच वागणूक हवी: पुरावा पडला, त्याचं वजन काढून घ्या.

वजन काढल्यावर काय उरतं, हे मात्र दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं नाही. समितीचा कटाचा निष्कर्ष मुख्यतः त्या आवाजावर टांगलेला होता. खुंटी निघाली, निष्कर्ष खाली आला. शिसं निघालं तरी ओस्वाल्डची टपालाने मागवलेली बंदूक उरते, तो काम करत होता त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीपाशी सापडलेल्या तीन रिकाम्या पुंगळ्या उरतात, त्याच बंदुकीतून सुटल्याच्या खुणा असलेली गोळी उरते, क्ष-किरण चित्रं उरतात, आणि समितीच्याच नऊ न्यायवैद्यक तज्ज्ञांपैकी आठांचं मत उरतं. नवव्याने विरोध नोंदवला होता. तोही नोंदीत राहायला हवा. माझा स्वतःचा कल कुणीकडे आहे हे आता लपलेलं नाही. पण तो कल या हिशेबातून आला पाहिजे, हिशेब त्या कलातून येता कामा नये.

आकड्यांबद्दल आणखी एक, कारण यात शहाणी माणसंही फसतात. 1967 मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'ने विमा-गणितज्ञाच्या हवाल्याने छापलं, की केनेडी प्रकरणातले इतके साक्षीदार इतक्या कमी वेळात मरण्याची शक्यता अक्षरशः नगण्य आहे. खळबळ उडाली. समितीने पुढे चौकशी केली तेव्हा वर्तमानपत्राने ही निष्काळजीपणाची चूक होती असं कळवलं. गणितज्ञाला विचारलं गेलं होतं, की अमेरिकेच्या अख्ख्या लोकसंख्येतून हीच नेमकी नावं मरण्याची शक्यता किती. विचारायला हवं होतं, की वॉरन आयोगाच्या सूचीतल्या सुमारे अडीच हजार लोकांपैकी कुणीही पंधरा जण मरण्याची शक्यता किती. अडीच हजार माणसांत तीन-चार वर्षांत पंधरा मृत्यू म्हणजे फारच थोडे झाले, खरं तर. 'गूढ मृत्यूं'ची यादी दिसली की मी सगळ्यात आधी विचारतो, किती जणांपैकी?

विचित्र तपशिलांचंही असंच. डॅलसमध्ये स्वच्छ ऊन होतं, आणि गोळीबाराच्या नेमक्या जागी एक माणूस उघडी काळी छत्री घेऊन उभा होता. खूण करत होता? छत्रीत हत्यार होतं? वर्षानुवर्षं तर्क चालले. 1978 मध्ये तो समितीपुढे हजर झाला, छत्रीसकट. त्याने सांगितलं, की केनेडींचे वडील दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्लंडमध्ये राजदूत होते आणि हिटलरशी नमतं घेणाऱ्या चेंबरलेनचे समर्थक होते. चेंबरलेनची छत्री ही ओळखीची खूण, म्हणून मुलाला चिडवायला ती उघडली. हे स्पष्टीकरण कुठल्याही कटापेक्षा विचित्र आहे. असं मुद्दाम रचायला कुणी बसेल असं वाटत नाही. रस्त्यावरच्या कुठल्याही सहा सेकंदांवर इतकी भिंगं रोखली तर त्यात एखादा छत्रीवाला सापडायचाच. एरवी आपण बघत नाही, इतकंच.

आता लपवाछपवी. इथे कटवाल्यांची बाजू खरोखर भक्कम आहे आणि ती आडपडदा न ठेवता मान्य करायला हवी. ओस्वाल्डने हत्येच्या आधी एफबीआयच्या डॅलस कचेरीत एक चिठ्ठी दिली होती. ओस्वाल्डचा खून झाल्यावर वरिष्ठाच्या सांगण्यावरून ती फाडून शौचकुपात सोडली गेली, आणि हे उजेडात आलं 1975 मध्ये. फिडेल कॅस्ट्रोला मारण्याचे सीआयएचे बेत वॉरन आयोगाला सांगितलेच गेले नाहीत, आणि सीआयएचे माजी प्रमुख अॅलन डलेस त्याच आयोगावर बसलेले होते. हे सगळं सिद्ध आहे. लपवलं का, याचं उत्तर 'हो' आहे. पुढचा प्रश्न असा, की लपवलं ते खून लपवण्यासाठी की अब्रू झाकण्यासाठी? ज्या माणसावर आपल्या कचेरीची नजर होती त्यानेच राष्ट्राध्यक्षाला मारलं, ही गोष्ट खुनात हात नसणारा अधिकारीही दडवेल. म्हणजे हा पुरावा दोन्ही गोष्टींत सारखाच बसतो. जो पुरावा दोन्ही पारड्यांत सारखा पडतो त्याने काटा हलत नाही, मग तो कितीही धक्कादायक असो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे: हे म्हणणं खोटं असतं, तरीही हा पुरावा असाच दिसला असता का?

गांधीहत्येत हाच गुंता वेगळ्या रूपात आहे. 20 जानेवारी 1948 रोजी बिर्ला हाउसमध्ये बॉम्ब फुटला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. मुंबईतले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालबद्दल आपल्याला असलेली माहिती मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातली. हातात दहा दिवस होते. 1964 मध्ये पुण्यातल्या एका समारंभात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी आपल्याला हत्येच्या बेताची आधीच कल्पना होती असं बोलून दाखवलं, गदारोळ झाला, आणि त्यातून पुढे हत्येच्या कटाची चौकशी करणारा कपूर आयोग आला. 1969 च्या त्याच्या अहवालात पोलिसांच्या तपासातल्या ढिलाईची पानंच्या पानं आहेत. ती वाचताना संताप येतो, आणि संतापलेला माणूस 'इतकी ढिलाई मुद्दामच' इथवर एका उडीत पोचतो. उडी मारण्याआधी बघावं, की हेच पोलीस, हीच खाती, एरवी किती चोख होती? फाळणीनंतरच्या त्या दिल्लीत, निर्वासितांच्या लोंढ्यात? हलगर्जीपणा हा गुन्हा असेल, पण तो त्याच गुन्ह्यातला सहभाग ठरत नाही. तो सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो: पैसे, निरोप, भेट, आज्ञा.

साक्षीदारांविषयी थोडक्यात. समितीने डॅलसच्या 178 साक्षीदारांचं वर्गीकरण केलं. 49 जणांना आवाज ओस्वाल्डच्या इमारतीकडून आला, 21 जणांना टेकाडाकडून, 30 जणांना आणखी कुठून तरी, आणि 78 जणांना सांगता आलं नाही. यातले फक्त 21 घेऊन एक पुस्तक होतं, फक्त 49 घेऊन दुसरं. मोठ्या इमारतींच्या चौकात, ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा आवाज कुठून आला हे कानाला नीट कळत नाही, आणि 78 जणांनी ते कबूल केलं होतं.

कबुलीजबाबाचंही वजन जपून करावं. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री स्टॉकहोमच्या रस्त्यावर मारले गेले. त्यानंतर शंभराहून जास्त लोकांनी 'मीच मारलं' असं सांगितलं. पिस्तूल सापडलं नाही. घटनास्थळ इतकं ढिलं राखलं होतं, की दोन्ही गोळ्या पोलिसांऐवजी वाटेने जाणाऱ्यांना मिळाल्या. 1989 मध्ये एकाला शिक्षा झाली, मुख्यतः पाल्मेंच्या पत्नीने ओळखल्यावरून, आणि त्याच वर्षी अपिलात तो सुटला.

न्यायालयाचा निकाल तरी? तोही कसा लागला ते पाहावं लागतं. 1999 मध्ये मेम्फिसच्या ज्युरीने मार्टिन लूथर किंग यांची हत्या सरकारी यंत्रणांसह अनेकांच्या कटातून झाली असा निकाल दिला. ऐकायला जबरदस्त. पण हा दिवाणी दावा होता, आणि प्रतिवादीचा वकीलही कट झाल्याचं नाकारत नव्हता. दोन्ही बाजू एकच सांगत असतील तर ज्युरीपुढे उलटतपासणी करणार कोण? पुढच्या वर्षी न्याय खात्याने त्या साक्षी तपासून त्या विश्वासार्ह नाहीत असं म्हटलं. न्याय खात्याचाही इथे स्वार्थ आहे, हे धरूनच ते वाचायचं. याउलट 1969 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये क्ले शॉ यांच्यावर केनेडींविरुद्धच्या कटाचा फौजदारी खटला चालला. तिथे उलटतपासणी झाली आणि ज्युरीने तासाभरात त्यांना निर्दोष सोडलं. तोवर त्यांच्या आयुष्याची मात्र माती झाली होती. संशोधकाच्या वहीत नाव लिहिताना हे डोक्यात असावं.

कट खरा असला तरी त्यातलं प्रत्येक नाव खरं नसतं. राजीव गांधींची 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूरला हत्या झाली. फोटो काढणारा हरिबाबू स्वतः त्या स्फोटात गेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला आणि त्यातल्या दहा छायाचित्रांनी तपासाला वाट दाखवली. असा पुरावा क्वचित मिळतो, कारण तो कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. विशेष न्यायालयाने 1998 मध्ये सगळ्या 26 आरोपींना फाशी सुनावली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या 19 जणांना हत्येच्या कटातून मोकळं केलं. चौघांची फाशी आणि तिघांची जन्मठेप उरली. कट तोच, 26 चे सात झाले.

'फायदा कुणाचा झाला?' हा प्रश्न कुणाकडे बघायचं ते सुचवतो, इतकीच त्याची लायकी. काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना विष घालण्याचा सीआयएचा बेत होता. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने 1975 मध्ये तो उघड केला. विष काँगोत पोचलंही होतं. हेतू होता, साधन होतं, फायदाही होता. आणि तरी 17 जानेवारी 1961 रोजी लुमुंबा मारले गेले ते विषाने नव्हे, काँगोतून फुटलेल्या कटांगा प्रांतात, काँगोतल्या विरोधकांच्या हातून, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या देखत. समितीला सीआयएचा बेत आणि प्रत्यक्ष खून यांना जोडणारा पुरावा मिळाला नाही. बेल्जियमच्या संसदीय चौकशीने पुढे आपल्या देशाची नैतिक जबाबदारी मान्य केली. ज्याने मारायचं ठरवलं आणि ज्याने मारलं ते वेगळे असू शकतात, हे लिहून वाचायला किती सोपं आहे, पण सीआयएचा तो कागद हातात असताना इतकं म्हणून थांबणं फार अवघड जातं.

मी स्वतः एखादं प्रकरण वाचायला घेतो तेव्हा पहिल्या पानावर दोन ओळी लिहितो: काय सापडलं तर मी कट मानेन, आणि काय सापडलं तर मानणार नाही. नंतर त्या खोडायच्या नाहीत. दुसरी ओळ रिकामी राहत असेल, म्हणजे पुरावा नसणं हाच लपवल्याचा पुरावा वाटू लागला असेल, तर पुस्तक मिटून फिरायला जाणं बरं. उद्धरण दिसलं की मूळ कागदापर्यंत मागे जातो. बऱ्याचदा तीन पुस्तकं एकाच चौथ्या पुस्तकातून उतरवलेली निघतात आणि ते तीन साक्षीदार मुळात एकच असतात. रेखाचित्रांवर तर अजिबात विसंबत नाही. केनेडींना लागलेली गोळी हवेत दोनदा वळली असं दाखवणारं प्रसिद्ध चित्र कॉनलींना थेट केनेडींच्या पुढे, त्याच उंचीवर बसवतं. प्रत्यक्षात त्यांचं आसन खाली आणि थोडं आतल्या बाजूला होतं. त्यांना तिथे बसवलं की रेघ बरीच सरळ होते.

आणि काही गाठी सुटत नाहीत. केनेडींचा भाऊ रॉबर्ट 5 जून 1968 रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, लॉस एंजेलिसच्या हॉटेलात, स्वयंपाकघराजवळ, गर्दीत जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. सिरहान सिरहानला हातात पिस्तुलासह लोकांनी तिथेच धरलं. पण शवविच्छेदन करणारे डॉ. थॉमस नोगुची यांच्या मते जीवघेणी गोळी उजव्या कानामागून, साधारण एक इंचावरून झाडलेली होती, आणि बहुतेक साक्षीदार सिरहानला समोर, काही फुटांवर उभा पाहतात. 1975 मध्ये सात तज्ज्ञांनी गोळ्या पुन्हा तपासल्या. दुसऱ्या पिस्तुलाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण त्या गोळ्या नक्की सिरहानच्याच पिस्तुलातल्या, असंही त्यांना छातीठोक सांगता आलं नाही. केनेडी वळले असतील, गर्दी ढकलली गेली असेल, साक्षीदारांचं अंतर चुकलं असेल. माझ्या वहीत 'एक पिस्तूल' यापुढे 'बहुधा' असं लिहिलेलं आहे. त्याखाली 'नोगुची, एक इंच' अशी ओळ आहे, आणि तिच्यापुढची जागा मी कोरी सोडली आहे.